ट्रॅक्टर ऑइल खातोय? इंजिन खोलण्याआधी वही उघडा

मागच्या मे महिन्यात बाळापूरहून चाचांचा फोन आला. उन्हाळवाही चालू होती. "ट्रॅक्टर फार ऑइल खातोय. निळा धूर फेकतो. मिस्त्री म्हणतो, पूर्ण इंजिन खोलावं लागेल, लायनर-पिस्टन नवीन टाका. काय करू?"

पैसे घरात होते, पण ते मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला काढून ठेवलेले. पेरणीही तोंडावर. म्हणून चाचांचा आवाज पडलेला.

मी एकच विचारलं, "चाचा, किती तासांना किती ऑइल टाकता?" चाचा गप्प. मागून चाची म्हणाल्या, "माझ्या वहीत आहे." डिझेलचा हिशेब त्याच ठेवतात. ऑइलचा डबा आला की त्याचीही तारीख लिहितात.

पुढच्या रविवारी मी गेलो. वही पाहिली, तर हरभऱ्याची मळणी होईपर्यंत दोन ऑइल बदलांच्या मधे फारसं ऑइल टाकावं लागत नव्हतं. मळणीनंतर मात्र दर आठ-दहा दिवसांनी एक लिटर. इथेच मला थोडा धीर आला. लायनर आणि रिंगा झिजतात त्या हळूहळू; खर्च महिन्या-महिन्याने वाढत जातो. एकाएकी वाढलेल्या खर्चाला बहुतेक वेळा तारीख असते, आणि त्या तारखेला काहीतरी घडलेलं असतं.

मग आम्ही क्रमाने पाहत गेलो. हा क्रम कोणत्याही घरी चालेल.

आधी गळती. रात्री इंजिनखाली जुना पुठ्ठा अंथरला. सकाळी दोन-चार थेंब होते, लिटरभर नव्हे. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असताना उघडलं. पाण्यावर ऑइलचा तवंग नव्हता. पातळी नेहमी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही वेळ थांबून पाहावी. खुणेच्या वर भरलेलं ऑइलही उडतं आणि जळतं, म्हणून "थोडं जास्तच बरं" हे इथे चालत नाही. पट्टीवरचं ऑइल पातळ होऊन पातळी वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर दुखणं वेगळंच आहे. ट्रॅक्टर चालवू नये.

मग धूर. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही: हवा कमी, नोझल खराब किंवा ओझं जास्त. थंडीत सुरू करताना डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा. निळसर धूर ऑइलचा. तो कधी येतो, तेही पाहायचं. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरने सकाळी मिनिटभरच निळा धूर फेकला, तर संशय व्हॉल्व्हच्या गाईड आणि सीलवर. रात्री ऑइल तिथून खाली झिरपतं. नांगर लावून ओझं पडल्यावर सतत निळा धूर येत असेल आणि ताकदही कमी झाली असेल, तर रिंगा-लायनरवर. परदेशात जुने पेट्रोलचे ट्रॅक्टर अजून शौकाने चालवतात; त्यांचे प्लग काढले की ऑइलने ओला झालेला प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लगेच कळतं. आपल्या डिझेलला प्लग नाही, म्हणून धूर आणि ब्रीदर पाहावे लागतात.

ब्रीदर म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी. चाचांच्या ट्रॅक्टरचा ब्रीदर काढला, तर आत भुसा, धूळ आणि ऑइल मिळून चिखल झालेला. थ्रेशरजवळ आठवडाभर ट्रॅक्टर उभा होता, त्याची ही निशाणी. ब्रीदर बंद झाला की पोटातला दाब ऑइलला सील, गाईड, रिंगा, जिथून वाट मिळेल तिथून ढकलतो.

दुसरी चूक हवेच्या फिल्टरमध्ये सापडली. ऑइल बाथच्या वाटीत ड्रायव्हरने खुणेच्या वर ऑइल भरलं होतं, धूळ जास्त म्हणून. ते ऑइल इंजिन हवेबरोबर ओढून घेतं आणि जाळतं. चेंबरची पातळी त्याने कमी होत नाही, पण धूर निळाच दिसतो. हे धोक्याचंही आहे. फार ऑइल ओढलं गेलं तर डिझेल बंद केल्यावरही इंजिन आपोआप पळत सुटू शकतं. तसं झालं तर हवेचं तोंड सपाट फळीने झाकावं, हात कधीही लावू नये, आणि मुलांना दूर ठेवावं.

ब्रीदर धुतला, वाटीत खुणेपर्यंत ऑइल भरलं, चेंबरचं ऑइल बदललं. मग सुरू इंजिनच्या ब्रीदरपाशी कागद धरला. वाफेचे जोरदार भपकारे आले असते, तर रिंगा गेल्या असं समजून कॉम्प्रेशन तपासायला मिस्त्रीकडेच नेलं असतं. कागद फक्त हलका हलत होता.

पुढच्या महिन्याच्या वहीत ऑइलचा खर्च निम्म्याहून कमी झाला. पूर्ण थांबला नाही. सकाळचा मिनिटभराचा निळा धूर राहिला, म्हणजे गाईड झिजल्या आहेत. हेडचं काम दिवाळीनंतर करायचं ठरलं. पेरणी त्याच इंजिनवर झाली आणि प्रवेशाची फी वेळेवर भरली गेली. मिस्त्रीची नियत वाईट नव्हती. त्याच्यासमोर फक्त धूर होता, वही नव्हती.

एक गोष्ट राहिली. मधल्या काळात एकाने सल्ला दिला होता, "जाड ऑइल टाका, धूर दबतो, मग बाजारात काढा." चाचांनी नकार दिला. "घेणाराही कर्ज काढूनच घेणार. ऐब सांगून विकेन, नाहीतर विकणार नाही." जाड ऑइलने धूर काही दिवस दबतो, झीज तशीच राहते, आणि थंड इंजिनला ते वेळेवर वरपर्यंत पोहोचत नाही.

तुमच्या घरी जुना ट्रॅक्टर असेल, तर आजच एक वही करा. तारीख, किती तास काम, किती ऑइल टाकलं, कुठे चालला: नांगर, रोटाव्हेटर की थ्रेशर. बस इतकंच. मिस्त्रीकडे जाताना ती वही सोबत न्या. इन्शाअल्लाह खर्च वाचेल. आणि इंजिन खरंच खोलायची वेळ आली, तर तो पैसा का जातोय हे घरात सर्वांना माहीत असेल.