घराचा सांगाडा उभा असतो तेव्हा



या जागेवर मी तुम्हाला एरवी पेरणी, बियाणे, खताची मात्रा असे काही सांगत असतो. आज घराविषयी सांगणार आहे. दिवाळी सरली की गावोगाव जोती भरली जातात आणि माघ-फाल्गुनात सुतार दारात येतो. खांब उभे राहिले, तुळया चढल्या, वासे लागले. पण भिंती नाहीत आणि कौलेही नाहीत, असे घर तुम्ही पाहिले असेल. घराचा तो नुसता सांगाडा. बांधणाऱ्याने घरी थांबायचे ते नेमके या दिवसांत, एवढेच मला आज सांगायचे आहे. हे शहाणपण मला पुस्तकातून मिळालेले नाही. ते चुकून शिकलो.

आमचे गाव रायगड जिल्ह्यात, घाटाच्या अंगाला. २००९ साली थोरल्या भावाने, दादाने, तिथे नवे घर बांधले. मी पैसे पाठवत होतो. खात्याची कामे निघाली म्हणून सांगाड्याच्या दिवसांत मला जाता आले नाही. आढे चढवायच्या दिवशी गेलो, नारळ फोडला, जेवलो आणि परत आलो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्यावर आले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. भर दुपारी घराचा एक पाखा वाशांसकट उचलला गेला आणि मागच्या वरकस रानात जाऊन पडला. आई आणि धाकटी नात दळणाच्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या. पेरणीला ठेवलेले भाताचे बियाणे मात्र भिजून गेले. मी पोचलो तेव्हा दादाने एक वासा उचलून मला दाखवला. तुळईवर तो नुसत्या एका खिळ्यावर बसवलेला होता. दादा एवढेच म्हणाला, "लोकांच्या बांधावर जाऊन माती तपासतोस. आपल्या घराचे वासे बघायला तुला एक दिवस मिळाला नाही?"

मला उत्तर देता आले नाही.

मागल्या वर्षी पुतण्याने थोडे वरच्या पठारावर घर काढले. राहायला तीन खोल्या आणि पाहुण्यांसाठी दोन. या वेळी मी अकरा दिवसांची रजा काढली आणि सुताराच्या मागे मागे फिरलो. त्या अकरा दिवसांत जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट खांबाच्या पायाची. खांब मातीत पुरू नये. जोत्यावर घडीव दगडाचा तळखडा ठेवावा आणि त्यावर खांब बसवावा. मातीत पुरलेला खांब ओल धरतो, कुजतो, त्याला वाळवी लागते, आणि हे सारे भिंतीआड गुपचूप चालते. खांब दगडाला लोखंडी पट्टीने आणि बोल्टने बांधून घ्यावा. नुसता ठेवलेला खांब जोराच्या हिसक्याला सरकू शकतो.

दुसरी गोष्ट काटकोनाची. सुताराजवळ गुण्या आणि ओळंबा असतोच, पण तुम्हीही एक दोरी घ्या. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधले अंतर मोजा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमधले मोजा. दोन्ही मापे सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. आमच्याकडे तीन बोटांचा फरक निघाला. त्या दिवशी तो अर्ध्या तासात निघाला. कौले चढल्यावर तो जन्मभर राहिला असता.

तिसरी गोष्ट तिरप्या लाकडाची. गोठ्याचे फाटक आठवा. चार पट्ट्यांचे फाटक महिन्याभरात लोंबते. त्याला एक तिरपी पट्टी मारली की ते वर्षानुवर्षे ताठ राहते. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. घराचेही तसेच आहे. खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या प्रत्येक कोपऱ्यात तिरपे लाकूड हवे. भिंती उभ्या होईपर्यंत सांगाड्याला बाहेरून टेकूही ठेवावेत. वळवाच्या वाऱ्याने उघडा सांगाडा कलंडला तर माणूस दगावतो.

चौथी गोष्ट वाशांची. आमचे घर याच ठिकाणी फसले. आपल्याला वाटते की छपराचे वजन खाली येते, म्हणून ते खालून पेलले म्हणजे झाले. पण वादळात वारा वळचणीखाली शिरून छपराला वर ढकलतो, आणि पाख्यावरून जाणारा वारा त्याला वर ओढतो. अशा वेळी खिळा सुळकन निघून येतो. म्हणून प्रत्येक वासा तुळईला लोखंडी पट्टीने आणि बोल्टने जखडावा. छपरापासून जोत्यापर्यंत एक साखळी असावी. बैल कितीही जोमाचे असोत, जुवातली शिवळ निसटली तर गाडी जागेवरच राहते.

पाचवी गोष्ट लाकडाची. ओले लाकूड वाळताना आकसते आणि घट्ट बसवलेला सांधा सैल होतो. लाकूड आधीच सावलीत, हवेशीर रचून वाळवावे. वर्षभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी तो परवानगीशिवाय तोडू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली ती लागते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, भिंती जाडजूड केल्या की झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले ते आठवा. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे यांनीच माणसे दडपली. आपला घाटही भूकंपापासून सुटलेला नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुन्या माणसांच्या ध्यानात आहे. काश्मीरमध्ये जुनी घरे लाकडी चौकटींची असतात, चौकटीत तिरपी लाकडे आणि मधल्या कप्प्यांत दगड-माती भरलेली. त्या पद्धतीला धज्जी-देवारी म्हणतात. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात अशी पुष्कळ घरे तडे जाऊनही उभी राहिली, कारण लाकडाने भार धरून ठेवला.

एक गोष्ट मात्र सांगाड्याच्याही हातात नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. डोंगर खाली आला तर कसलाही सांगाडा टिकत नाही. जागा निवडतानाच उताराची आणि पाण्याच्या वाटेची चौकशी करावी.

आता भगिनींसाठी. सांगाडा उभा राहिला की घरातल्या बायांनी त्यातून एकदा चालून पाहावे. चूल कुठे, खिडकी कुठे, हंडा कुठून आत यायचा, हे जमिनीवर चुन्याने आखून बघावे. आमच्या वहिनींनी असेच पाहिले आणि सुताराला विचारले, "पोटमाळ्यावर वीस पोती भात राहील ना?" सुतार गप्प झाला. वीस पोती म्हणजे टनभर वजन. त्याने माळा अंथरुण-पांघरुणाच्या हिशेबाने धरला होता. त्याच दिवशी माळ्याखाली एक जादा तुळई आणि एक खांब आला. मी अकरा दिवस तिथे होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. जिला तिथे भात चढवायचा होता तिलाच तो सुचला.

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. सुताराशी बोली कागदावर करा, आणि सांगाड्याचा हप्ता सगळे सांधे डोळ्यांनी पाहिल्यावरच द्या. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. भिंती आणि कौले चढण्याआधी एकेका सांध्याचा फोटो काढून ठेवा. पुढे विजेची नळी किंवा पाण्याचा पाइप टाकणारा येईल, त्याला तुळईत खाच पाडू देऊ नका. सुताराने मेहनतीने ठेवलेली जाडी तो पाच मिनिटांत कापून टाकतो. सुतारावर संशय घ्या असे मी म्हणत नाही. मालक शेजारी उभा असला तर चांगला सुतारही हुरूपाने काम करतो.

यंदाच्या पावसात पठारावर वारा खूप घुमला. रात्री पुतण्याचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा उठला. तो म्हणाला, "काका, काही नाही. आजी शांत झोपली आहे, म्हणून सांगायला फोन केला."

तुमच्या दारात सुतार येईल तेव्हा चार दिवस शेताचे काम दुसऱ्यावर सोपवा आणि घरी थांबा. पीक बिघडले तर पुढच्या हंगामात सुधारता येते, पण झाकलेला सांधा पुन्हा दिसत नाही.

रामराम.