घर कोणाचे, कचेरी कोणाची?

स्वतंत्रपणे काम करणारा लेखक, चित्रकार, संगीतकार वा आरेखक आपल्या राहत्या घराचा जो भाग कामासाठी वापरतो, त्याच्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट अधिक उदार व सुलभ करावी, अशी मागणी कलावंतांच्या मागणीपत्रकात घालावी असे आपल्याच काही मित्रांनी सुचविले आहे. सूचना सद्हेतूची आहे. पण सद्हेतूने केलेल्या मागणीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो हे न पाहता ती पुढे रेटणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. ही मागणी आज आहे त्या स्वरूपात स्वीकारली, तर तिच्यामुळे कलावंतांचे भले होणार नाही; कलावंतांमधील सधनांचे भले होईल आणि त्याची किंमत उरलेले सर्व मोजतील.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३० अन्वये व्यवसायासाठी वापरलेल्या जागेचे भाडे व दुरुस्ती वजा करता येत असे. जागेचा काही भाग राहण्यासाठी आणि काही व्यवसायासाठी असेल, तर कलम ३८ प्रमाणे व्यवसायाच्या वाट्याला येणारा प्रमाणशीर भाग तेवढा मान्य होई. वीज, दूरध्वनी वगैरे खर्चासाठी कलम ३७ होते. १ एप्रिल २०२६ पासून अंमलाच्या २०२५च्या नव्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले. तत्त्व तेच राहिले. म्हणजे ही वजावट नवीन मागावयाची गोष्ट नव्हे, ती आहेच. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या उपयोगी पडते?

तत्त्वाशी माझे भांडण नाही, हेही येथेच सांगून टाकतो. उत्पन्न मिळविण्यासाठी झालेला खरा खर्च वजा केलाच पाहिजे. नाहीतर तो उत्पन्नावरील कर न राहता उलाढालीवरील कर होईल. भाड्याच्या एका खोलीत चित्रे काढून पोट भरणाऱ्याने त्या खोलीचे भाडे हिशेबात धरले, तर त्यात गैर काही नाही. पण तत्त्व निर्दोष असले म्हणजे त्याचे फळ समान वाटले जाते असे नव्हे. वजावट ही अशी देणगी आहे, की ती घेणाऱ्याच्या उत्पन्नाबरोबर वाढत जाते आणि ज्याला तिची खरी गरज त्याच्या दारी शून्य होऊन पोहोचते.

माझा एक जुना विद्यार्थी शहरातील नोकरी सुटल्यावर गावाकडे परतला आणि संगणकावर पुस्तकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या यांची आरेखने करू लागला. घरात जागा नाही म्हणून त्याने दरमहा दीड हजार रुपयांनी एक खोली घेतली आहे. ‘सर, हे भाडे करातून वजा होईल ना?’ असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, ‘होईल. पण तुझे वर्षाचे उत्पन्न किती?’ ते अडीच लाखांच्या आसपास होते. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच द्यावा लागत नाही. त्याचा कर शून्य. शून्यातून अठरा हजार वजा केले काय आणि अठरा लाख केले काय, शून्यच उरते.

आता मुंबईतील एका यशस्वी स्वतंत्र व्यावसायिकाची कल्पना करू. घरभाडे दरमहा ९०,००० रुपये. घराचा तिसरा हिस्सा अभ्यासिका म्हणून दाखविला. वर्षाची वजावट ३,६०,००० रुपये झाली. उत्पन्न २४ लाखांच्या बरेच वर असल्याने त्या थरावर कराचा दर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. वाचलेला कर १,१२,३२० रुपये. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना महाराष्ट्र शासन देत असलेले मानधन २०२४ साली दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. म्हणजे एका अभ्यासिकेपायी सरकारी तिजोरीने जे सोडले, त्यात एका म्हाताऱ्या शाहिराचे बावीस महिन्यांचे मानधन भागले असते. मानधनासाठी शाहिराला अर्ज, दाखले, निवड समिती या साऱ्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्या रकमेला अनुदान म्हणून नाक मुरडले जाते. अभ्यासिकेच्या रकमेला मात्र कोणी अनुदान म्हणत नाही. ती ‘खर्च’ या सभ्य नावाने हिशेबात शिरते.

यावर असे म्हटले जाते, की हिशेब ठेवणे हेच कलावंताला जमत नाही, म्हणून पद्धत सोपी करा. ती आधीच सोपी केलेली आहे, आणि कशी, तेही पाहण्यासारखे आहे. २०१६च्या वित्त कायद्याने कलम ४४एडीए आणले. त्यानुसार ठरावीक व्यवसायांतील माणसाने वह्या-पावत्या न ठेवता एकूण आवकेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविली की पुरे. उरलेली निम्मी न विचारता खर्च मानली जाते, आणि घरातील कचेरीही तिच्यातच येते. मर्यादा प्रथम ५० लाखांची होती. रोखीची आवक ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर पुढे ती ७५ लाख झाली. या दोन सवलती एकत्र केल्या म्हणजे काय होते? वर्षाला २४ लाखांची आवक असलेला असा व्यावसायिक, दुसरे उत्पन्न नसेल तर, १२ लाख उत्पन्न दाखवितो आणि एक पैसाही प्राप्तिकर देत नाही. तितक्याच २४ लाख पगाराच्या नोकरदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळून २,९२,५०० रुपये कर पडतो. त्या नोकरदाराची घरभाडे भत्त्यावरील सूटही नव्या पद्धतीत गेली. घरून काम करणाऱ्या सर्वांना पीडित मानणाऱ्या मित्रांनी हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत.

आणि हे ‘ठरावीक व्यवसाय’ कोणते? वकील, वैद्य, अभियंता, वास्तुशास्त्रज्ञ, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार ही नावे कायद्यात आहेत. कलावंतांपैकी १९७७च्या अधिसूचनेने यादीत स्थान मिळाले ते चित्रपट कलावंताला: नट, छायालेखक, दिग्दर्शक, गायक, गीतकार, कथालेखक, वेशभूषाकार इत्यादींना. चित्रपटासाठी गीत लिहिणारा कायद्याच्या लेखी कलावंत आहे. जत्रेत पोवाडा रचून गाणारा त्या यादीत नाही, कादंबरीकार नाही, पाट्या रंगविणारा नाही. लेखकाला स्वामित्वधनावर कलम ८०क्यूक्यूबी अन्वये तीन लाखांपर्यंत जी वजावट मिळे, तीही नव्या करपद्धतीत मिळत नाही. ज्याचा बाजारभाव मोठा त्याची कला कायद्याला दिसते. बाकीच्यांची दिसत नाही. सौंदर्यशास्त्राचा हा नवाच सिद्धांत म्हणावयाचा.

मग गावातील कलावंत कर देतच नाही काय? देतो, आणि तो चुकविण्याची सोय त्याला नाही. माझ्या विद्यार्थ्याने पन्नास हजारांचा संगणक घेतला तेव्हा त्यावर १८ टक्के दराने नऊ हजार रुपये वस्तू व सेवा कर भरला. भ्रमणध्वनीच्या २९९ रुपयांच्या प्रत्येक भरण्यात सुमारे ४५ रुपये कराचे असतात. शहरातील नोंदणीकृत व्यावसायिक कामासाठी दिलेला असा कर आपल्या देय करातून वळता करून घेतो. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने ज्याला नोंदणीची सक्ती नाही आणि जी परवडतही नाही, तो तो सोसतो. श्रीमंताचा कर प्रत्यक्ष असतो म्हणून त्याला वजावट लाभते. गरिबाचा कर वस्तूच्या किमतीत दडलेला असतो, म्हणून त्याच्या वजावटीचा प्रश्नच कोणाला सुचत नाही.

घर हीच कचेरी असलेला माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांच्या कपाटाशेजारी बसलेला लेखक येतो. हा आपल्या मध्यमवर्गीय कल्पनाशक्तीचा दोष आहे. या देशात घराचा कारखाना झाला तो सर्वांआधी बायकांच्या घरांचा. सोलापूर, सिन्नर, गोंदिया येथील विडी कामगार स्त्रीने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या खोलीचा कोपरा, आपला दिवा, आपले सूप मालकाला फुकट वापरू दिले. आमच्या वाशीम जिल्ह्यात तांड्यावरील बंजारा स्त्री दारात बसून काच-कवड्यांचे भरतकाम करते. तेही सृजनच आहे. पण तिच्या दाराचे भाडे कोणत्या वहीत चढले? कारखानदाराला जागेचे भाडे, वीज, दुरुस्ती यांवर खर्च करावा लागू नये म्हणून तर काम घरी दिले जाते. म्हणजे वजावट मालकाच्या खर्चातून आधीच झालेली असते. ती मजुरीतून कापलेली असते एवढेच. विडी कामगारांच्या कल्याणनिधीसाठी जो उपकर होता, तोही २०१७ साली वस्तू व सेवा कर येताना गेला. गृहकामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार संमत केला; भारताने तो अद्याप मान्य केलेला नाही.

तेव्हा मागणी मांडावयाची तर ती अशी मांडा. पहिली: घरातील कामाच्या जागेची वजावट भाड्याच्या प्रमाणात नको, तिला ठरावीक, सर्वांना सारखी मर्यादा हवी. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशानेही २०१३ पासून जी सोपी पद्धत दिली, तीत चौरस फुटाला पाच डॉलर आणि तेही तीनशे चौरस फुटांपर्यंतच, असे बंधन आहे. दुसरी: ज्याला करच नाही त्याला तेवढी रक्कम रोख मिळावी. आयर्लंडने १९६९ साली कलावंतांच्या उत्पन्नाला करमाफी दिली. पुढे तिला मर्यादा घालावी लागली, आणि २०२२ साली त्याच देशाने दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो रोख देण्याचा प्रयोग केला. करमाफी कमावत्यालाच पोहोचते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. तिसरी: घरी काम देणाऱ्याने उक्त्या दरात जागा, वीज आणि दोरा-सुई यांचा खर्च वेगळा मोजून दिला पाहिजे.

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच दिले आहे. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीचे काम उभे राहिले आणि त्याच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील पगारदार व व्यावसायिक यांनी कर द्यावा आणि खेड्यातील हाताला काम मिळावे, अशी ती सरळ सांगड होती. आज त्या कराची अवस्था काय आहे? राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे; १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीनंतर ती हललेली नाही. म्हणून वर्षाला कोट्यवधी मिळविणारा आणि दरमहा तीस हजार मिळविणारा कारकून यांच्यावर सारखाच अडीच हजारांचा भार पडतो. ही मर्यादा उठवून कर उत्पन्नाप्रमाणे चढता करा आणि त्यातून कलावंतांचे मानधन महागाईला जोडा. घरात कचेरी थाटणाऱ्या सधन कलावंताने आपल्या गरीब व्यवसायबंधूसाठी एवढे सोसले, तर त्याच्या कलेचे काही बिघडणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी सांगितले, की भाड्याची पावती घे आणि हिशेब ठेव. उद्या उत्पन्न वाढले तर हक्काची वजावट अवश्य घे, त्यात लाज नाही. पण ती वजावट म्हणजे कलावंतांची चळवळ नव्हे. कार्यकर्त्यांनाही माझे सांगणे हेच आहे. मागणीपत्रक छापण्यापूर्वी आपापल्या गावात दहा घरी जा. भरतकाम करणाऱ्या बाईला विचारा, ठेकेदाराच्या कामासाठी तुझ्या घरी किती वीज जळते. वृद्ध भजन्याला विचारा, मानधनाचा अर्ज कोठे अडला आहे; तेथेच बसून तो भरून द्या. दहा घरांची उत्तरे वहीत लिहून आणा. आपले मागणीपत्रक त्या वहीतून निघू द्या.

केनवड, जि. वाशीम