फाइल कोणाच्या हाती असावी?

बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या मुलामुलींना त्या आजाराची आठवण करून देऊ नये, उपचार संपताच फाइल कपाटात टाकावी आणि शाळा, नोकरी, लग्न या वाटेवर त्यांना चारचौघांसारखे चालू द्यावे, असे मत शिकल्यासवरल्या कुटुंबांतही प्रमाण मानले जाते. या मतामागचे कारण क्षुल्लक नाही. कर्करोग संसर्गजन्य नाही हे पक्के ठाऊक असलेली माणसेही सोयरीक जुळवताना त्या आजाराचे नाव निघताच मागे सरतात, आणि मुलगी असल्यास चौकशी अधिकच कठोर होते. तेव्हा मौन पत्करणाऱ्या आईवडिलांना भित्रे ठरवणे अन्यायाचे होईल.

तथापि या मतात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. आजार जगापासून झाकून ठेवायचा की नाही, हे बरे झालेल्या व्यक्तीने ठरवावे. तिच्याच शरीराचा इतिहास तिच्यापासून झाकण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. चौथ्या वर्षी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलाला पुढे 'लहानपणी मोठे दुखणे झाले होते' यापलीकडे काही सांगता येत नाही, आणि डॉक्टरला हवी असते ती नेमकी औषधे व त्यांची मात्रा. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांमुळे हृदयाचे स्नायू कित्येक वर्षांनीही दुबळे होऊ शकतात व हा दुबळेपणा गरोदरपणात प्रथमच उघड होऊ शकतो. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी होऊ शकते. मेंदूला किरणोपचार दिले असतील तर एकाग्रता कमी होऊ शकते व आकलनाचा वेग मंदावू शकतो, ज्याला शाळेत सर्रास आळस समजले जाते. आणि छातीला किरणोपचार मिळालेल्या मुलींना स्तनांची तपासणी इतर स्त्रियांपेक्षा बऱ्याच लवकर सुरू करावी लागते. या परिणामांना उत्तरपरिणाम म्हणता येईल. अमेरिकेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निदानानंतर 30 वर्षांत सुमारे 73 टक्के व्यक्तींना किमान एक दीर्घकालीन विकार जडल्याचे आढळले. ते रुग्ण 1970 ते 1986 या काळातले असल्याने तो आकडा आजच्या मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण फाइल बंद करण्याइतका तो जुनाही झालेला नाही.

अशा माहितीने कोवळे मन धास्तावेल, हा दुसरा आक्षेप. वस्तुतः धास्ती वाढते ती अर्धवट माहितीने. आपल्या पोटी व्यंग असलेले मूल जन्मेल ही भीती अनेक तरुण मनात बाळगून असतात. परंतु आनुवंशिक कर्करोग, उदाहरणार्थ डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा, वगळता अशा पालकांच्या अपत्यांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. मौन पाळणाऱ्या घरात हा दिलासा देणार कोण?

शिवाय मौनाने व्यावहारिक संरक्षणही मिळत नाही, कारण विम्याच्या अर्जात आजार लपवल्यास पुढे दावाच नाकारला जाण्याची भीती असते. फ्रान्सने 2022 च्या कायद्याने उपचार संपून 5 वर्षे उलटलेल्यांना कर्जविम्याच्या अर्जात कर्करोग नमूद करण्याच्या बंधनातून मुक्त केले. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत व त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल यांची नावे आहेत, परंतु कर्करोगाचे नाही. त्यामुळे हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेल्याला त्या कायद्याचा आधार मिळतो आणि वरून धडधाकट दिसणाऱ्याला, केवळ पूर्वेतिहासापायी नोकरी नाकारली गेली तरी, तो मिळत नाही. झाकायला भाग पाडणारी ही व्यवस्था आहे, आणि लढा द्यायचा तो तिच्याशी.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1991 मध्येच उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र पाठपुरावा दवाखाना सुरू केला, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या 'उगम' या गटात बरे झालेले तरुणच नव्याने बरे होणाऱ्यांना धीर देतात. म्हणजे आजार उघड करून जगता येते याचा पुरावा मुंबईतच आहे. प्रत्येक रुग्णालयाने उपचार संपताच औषधे, त्यांच्या मात्रा व पुढील तपासण्या यांचा गोषवारा मराठीत लिहून द्यावा, आणि आईवडिलांनी तो मूल अठरा वर्षांचे होण्याआधीच, समजावून सांगून, त्याच्या हाती सोपवावा.