विस्मरण, सुई आणि पुरावा

निफाड तालुक्यातील शेतीचा व्यवहार मोठ्या प्रमाणात स्मरणावर चालतो. द्राक्षबागेची छाटणी कधी झाली, शेवटची फवारणी कोणती, लासलगावच्या बाजारात विकलेल्या कांद्याचे किती पैसे येणे आहेत, हा हिशेब अनेकदा घरातील वडीलधाऱ्यांच्याच डोक्यात असतो. सातबारावर नावही बहुधा त्यांचेच. अशा माणसास नावे आठवेनाशी झाली, तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारू लागला, की ‘वय झाले’ म्हणून घर गप्प बसते. किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून ॲक्युपंक्चरच्या सुयांची वाट धरते. यातील पहिला मार्ग उदासीनतेचा आहे आणि दुसरा घाईचा.

महाराष्ट्रास ही उपचारपद्धती परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बी. के. बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या आत्मसात करून १९५९ च्या सुमारास ती कलकत्त्यात आणली. महाराष्ट्राने तर २०१५ च्या अधिनियमाने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. तथापि कायद्याची मान्यता आणि विशिष्ट आजारावरील गुणाचा पुरावा या भिन्न गोष्टी आहेत. सुई कोणी टोचावी हे कायदा ठरवितो. तिने स्मरणशक्ती परतते की नाही, हे त्यास ठरविता येत नाही.

पुराव्याची स्थिती काय आहे? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये भरविलेल्या तज्ज्ञ परिषदेने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि दातदुखी यांवर या पद्धतीचा गुण मान्य केला. विस्मरणाबाबत मात्र तितका भक्कम आधार नाही. रक्तवाहिन्यांच्या विकारातून उद्‌भवणाऱ्या स्मृतिभ्रंशासंबंधी २००७ साली कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा निकषांस उतरणारी एकही चाचणी तिला आढळली नाही. सौम्य विस्मरणावरील चाचण्या त्यानंतर झाल्या. त्यांपैकी काहींचे निष्कर्ष अनुकूलही आहेत. परंतु त्या बहुतांशी चीनमधील, लहान आणि सदोष आखणीच्या आहेत. अनेक चाचण्यांत तुलना निमोडिपिन या औषधाशी केलेली दिसते, आणि या विकारावर त्या औषधाचाच गुण सिद्ध झालेला नाही. अशा प्रतिस्पर्ध्यावर मिळविलेला विजय फारसे काही सांगत नाही.

यात आणखी एक मेख आहे. सौम्य विस्मरण झालेल्यांपैकी काहींना पुढे स्मृतिभ्रंश होतो, काही आहे तेथेच राहतात, तर काही आपोआप पूर्ववत होतात. साहजिकच उपचार कोणताही असो, काहींना गुण आल्यासारखा वाटणारच. म्हणूनच खऱ्या सुईची तुलना लटक्या सुईशी, रुग्णास न कळू देता, करावी लागते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव असलेल्या निफाडास साक्षीपुराव्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

प्रशिक्षित हाताने निर्जंतुक सुई वापरली तर अपाय सहसा होत नाही, हे खरे. गुडघेदुखीने बेजार झालेल्या वृद्धास तिने थोडा आराम पडत असेल, तर त्याला कोणी आडकाठी करू नये. धोका सुईत नाही. सुयांच्या फेऱ्यांत वाया जाणाऱ्या महिन्यांत आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, ऐकू न येणे ही विस्मरणाची कारणे शोधली तर सापडतात आणि बरीचशी आटोक्यात येतात. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले आहेत. ते सर्व टाळता आले तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू वा लांबणीवर पडू शकतील, असा त्याचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, बहिरेपणा, अधू दृष्टी आणि एकाकीपणा हे त्यांतलेच.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. यास्तव प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीपुढील प्रत्येकाची स्मरणाची साधी तपासणी, रक्तदाब व साखरेची नोंद आणि आवश्यक तेथे रक्ताची चाचणी ही पहिली पायरी असावयास हवी. राज्य शासनाने २०२४ साली जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र आदींसाठी ३००० रुपयांची तरतूद आहे. ज्यास ऐकू येत नाही त्यास आठवणार तरी काय, हा विचार केला तर या छोट्या रकमेचे मोल कळेल.

ॲक्युपंक्चरच्या पुरस्कर्त्यांनी निर्दोष चाचण्यांतून आपला दावा सिद्ध करावा. तो सिद्ध झाल्यास त्याचे स्वागतच होईल. तोवर निफाडच्या वृद्धाचे पहिले पाऊल तपासणीकडे पडले पाहिजे. सुईची वेळ त्यानंतरची.