मतांना माप हवे

बाजाराच्या दिवशी नार्नूरला एखाद्या किराणा दुकानाच्या पायरीवर घटकाभर बसावे, म्हणजे देशाचा कारभार कसा चालवावा याचे ज्ञान फुकट मिळते. आम्ही हा योग सहसा चुकवीत नाही. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा अशा चार बोली तेथे एकाच वेळी चालू असतात. विषय मात्र बहुधा तीनच. पक्ष, महागाई, आणि अलीकडे तिसरा एक, जो निघाला की सर्वांचा आवाज खाली येतो: गांजा.

पक्षांच्या बाबतीत आम्ही सीमेवरची माणसे जरा अधिकच श्रीमंत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आमच्या लेकी-सुना तिकडच्या, शेते इकडची. त्यामुळे दोन्ही राज्यांतील पुढाऱ्यांची उणीदुणी आम्हांस पाठ. पलीकडे केरामेरी-जिवतीच्या डोंगरात तर काही गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, आणि तेथील लोकांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत आढळतात. मग पायरीवर तुलना सुरू होते. एक म्हणतो, इकडे एकरी ६,००० रुपये हंगामाला देण्याचे २०२५ मध्ये ठरले. दुसरा म्हणतो, तिकडे २०२४ पासून बहिणींना महिन्याला १,५०० मिळू लागले. हातात किती पडले आणि केव्हा पडले, हे मात्र कोणी विचारीत नाही. ज्याचा जो पक्ष, त्याला त्याचे सरकार दानशूर आणि दुसऱ्याचे उधळे.

महागाईकडे वळले की हीच मंडळी एकदम शहाणी होतात. तेल कितीचे, डबा किती वजनाचा, मागल्या महिन्यात काय भाव होता, सारे तोंडपाठ. आमच्या शेजारच्या वहिनींनी तर परवा दुकानदारालाच सुनावले, की २०२२ च्या जुलैपासून पाकीटबंद डाळीवर ५ टक्के कर आहे, सुट्या डाळीवर नाही; तेव्हा आम्हांला सुटीच द्या. तेलाचा प्रश्न त्याहून अवघड. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने बाहेरून येणाऱ्या कच्च्या सोयाबीन, पाम व सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क बसविले, कारण येथील सोयाबीनला भाव मिळावा. पुढे २०२५ च्या मे अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले, कारण गृहिणीला तेल परवडावे. आता आमच्या घरात सोयाबीन पिकविणारा आणि तेल विकत घेणारी एकाच ताटाशी जेवतात. शुल्क वाढले तेव्हा भाऊ खूश, वहिनी नाराज. उतरले तेव्हा उलट. पण दोघांनी मिळून वहीत हिशेब मांडला. मत बनवावयाचे ते असे, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

तिसऱ्या विषयाने मात्र गेल्या पावसाळ्यात आम्हांस गप्प केले. ओळखीचा एक तरुण दुकानातून आमच्या मागोमाग आला आणि हळूच म्हणाला, "काका, आईला कर्करोग आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. गांजाच्या तेलाने हा रोग बरा होतो असे मोबाइलवर आले आहे. आणू का?" पायरीवर त्याला दोन उत्तरे मिळाली होती. एक म्हणाला, महादेवाची वस्तू, तिच्यात दोष कसला? दुसरा म्हणाला, नाव काढू नकोस, पोलीस धरतील. दोन्ही उत्तरांत माप नव्हते.

आम्ही त्याच्यासाठी हिशेब मांडला, तो वाचकांपुढेही ठेवतो. ही वनस्पती आमच्या वैद्यांना 'विजया' या नावाने ठाऊक आहे. तिच्यातील एका द्रव्यापासून केलेले औषध मुलांच्या फेफऱ्याच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. तिच्यातील दुसऱ्या द्रव्यासारखे प्रयोगशाळेत तयार केलेले औषध कर्करोगावरील उपचारांनी होणाऱ्या ओकाऱ्यांसाठी १९८५ पासून आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला अतिघातक द्रव्यांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढले, आणि त्यात भारताचे मत काढण्याच्या बाजूने होते. हे जमेच्या बाजूस. पण या तेलाने माणसाचा कर्करोग बरा होतो, याला पुरावा नाही. आणि चोरून आणलेल्या बाटलीत काय आहे, किती आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही.

कायद्याचेही माप आहे. १९८५ च्या केंद्रीय कायद्यात झाडाचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांवाचून नुसते पान त्या व्याख्येत येत नाही. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोंहून अधिक ते व्यापारी, आणि तेथे शिक्षा दहा वर्षांपासून पुढे. परवान्यावाचून लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत. आमच्या जिल्ह्यात कपाशीच्या आणि तुरीच्या ओळींत लपविलेली रोपे पकडली गेली आहेत. एका ओळीने कर्ज फिटेल असे ज्याला वाटते, त्याने ही वर्षे त्या हिशेबात धरली पाहिजेत.

शेवटी आम्ही त्याला विचारले, "आईला हवे काय? गांजा, की झोप?" वेदनेवर मॉर्फीन हे जुने, स्वस्त औषध आहे. ते अफूपासून होते. म्हणून भीतीपोटी वर्षानुवर्षे खेड्यापर्यंत पोचले नाही. २०१४ साली त्याच कायद्यात दुरुस्ती होऊन अशा आवश्यक औषधांची वाट सोपी केली गेली. हैदराबादच्या एम. एन. जे. कर्करोग संस्थेत वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या मात्रेत ते मिळू शकते. पायरीवर कधी कोणी याविषयी बोलले नव्हते, कारण याला ना पक्ष, ना घोषणा.

मायलेक जाऊन आली. आजार आहे तेथेच आहे. पण माउली आता रात्री चार-पाच तास झोपते, असे मुलाने परवा सांगितले. त्याच्या हातात किराणाची पिशवी होती. दुकानदाराने तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत तो उभा राहिला, मग पैसे दिले.

वाचकहो, डाळ घेताना आपण हे सारेच करतो. मत देताना, आणि दुसऱ्याच्या दुखण्यावर मत सांगताना, तेवढे केले तरी पुष्कळ झाले.