आधी रजिस्टर, मग संगणक

स्मरणिकेसाठी लेख मागितला की माजी विद्यार्थी बहुधा आठवणी लिहितात. आम्ही मात्र एका अपुऱ्या कामाविषयी लिहीत आहोत. प्रवेश, वसतिगृह, दाखले आणि शिष्यवृत्ती यांची नोंद एका ठिकाणी राहावी यासाठी शाळेकरिता वेब ॲप्लिकेशन उभारावे, असा प्रयत्न आम्ही काही माजी विद्यार्थी दोन वर्षांपासून करीत आहोत. आमच्या चुका इतर संस्थांच्याही उपयोगी पडतील, म्हणून हे लेखन.

पहिली चूक ही, की आम्ही संगणकापासून प्रारंभ केला. सर्व्हर कोणता घ्यावा, पहिले पान कसे दिसावे, यावर तीन बैठका खर्ची पडल्या. गृहपालांचे रजिस्टर मात्र कोणी उघडून पाहिले नव्हते. ते पाहिले तेव्हा ध्यानात आले, की ज्या बाबींसाठी शाळेची धावपळ होते त्या रजिस्टरच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत. ‘दाखला आजीकडे.’ ‘वडील ऊसतोडीवर, दिवाळीनंतर फोन लागत नाही.’ आमच्या आराखड्यात या समासाला जागाच नव्हती.

त्याहून गंभीर चूक धर्म आणि जात या रकान्यांची. धर्म ‘बौद्ध’ निवडताच प्रवर्ग आपोआप ‘अल्पसंख्याक’ भरला जाईल, अशी सोय आम्ही केली होती. हेतू चांगला, परिणाम घातक. १९५६ च्या धर्मांतरानंतर तीन दशकांहून अधिक काळ मागणी करावी लागली, तेव्हा १९९० साली अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. म्हणजे आपला विद्यार्थी धर्माने बौद्ध असूनही अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचा हक्कदार असतो. तो हक्क आमच्या एका रकान्याने निमूटपणे काढून घेतला असता, आणि यादीतून नाव गळल्याचे कोणाला कळलेही नसते. हा दोष कार्यालयातील वयोवृद्ध लिपिकांनी दाखवला. तेव्हापासून आमचे ठाम मत झाले आहे, की रकाने ठरवणे हे प्रोग्रामरचे काम नव्हे. ज्यांनी वर्षानुवर्षे अर्ज भरले आणि ज्यांचे अर्ज परत आले, अशांसमोर कोरा कागद ठेवून ते ठरवावेत.

पालकांची भाषा हाही असाच प्रश्न. आपल्या जिल्ह्यात अक्कलकोटकडे घरोघरी कन्नड बोलली जाते, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी ती भाषा शिकून घेतली आणि पुस्तके तीत आणली, याची चर्चा मात्र कमी होते. आमच्या मते खरे काम तेच होते. कोड हे ते घरापर्यंत पोहोचवण्याचे साधन.

मोबाईल क्रमांकाला विद्यार्थ्याची ओळख मानणेही चुकीचे. सिमकार्ड बदलते, फोन भावाकडे जातो, आणि ओटीपी येतो तेव्हा वडील उसाच्या फडात असतात. म्हणून ओळख शाळेच्या जनरल रजिस्टर क्रमांकाने ठेवावी. अर्धा भरलेला अर्ज जतन व्हावा. साध्या फोनवर, तुटक नेटवर्कमध्ये पान उघडते का, हे गावी जाऊन पाहावे. पुण्याच्या कार्यालयात बसून ते समजत नाही.

माहिती किती घ्यावी? आमचे उत्तर : कमीत कमी. जात, उत्पन्न, आजार या गोष्टी वहीत असतात तेव्हा कपाटाला कुलूप असते. संगणकावर त्या कोण पाहू शकतो, हे आधी लिहून काढावे लागते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा नसता तरी वर्गमित्राला दुसऱ्याच्या घरचे उत्पन्न दिसू नये, एवढे आपण पाहिलेच असते.

या शहरात बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली वसतिगृह सुरू केले. त्या काळचा कारभार वहीवर चाले. वही वीज गेली तरी उघडते, आणि लिहिणारा बदलून गेला तरी पुढच्याला वाचता येते. वेब ॲप्लिकेशनकडून हे दोन गुण मिळवायचे तर डोमेन संस्थेच्या नावावर हवे, कोणा उत्साही माजी विद्यार्थ्याच्या नव्हे. दर आठवड्याचा बॅकअप शाळेच्या ताब्यात असावा आणि सगळी यादी केव्हाही कागदावर छापता यावी. देखभालीचा वार्षिक खर्च अंदाजपत्रकात धरावा. देणगीवर इमारत उभी राहते, पण दरवर्षीचे भाडे देणगीवर भागत नाही.

आम्ही आता आवाका कमी केला आहे. पहिल्या वर्षी केवळ आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांचे दाखले आणि शिष्यवृत्तीच्या मुदती, एवढेच. गृहपालांचे रजिस्टर त्या वर्षभर शेजारी चालू राहील, आणि दर महिन्याच्या अखेरीस दोन्ही ताडून पाहिली जातील. समासातल्या नोंदींसाठी आता एक मोकळा रकाना ठेवला आहे. त्याला नाव काय द्यावे, यावर मात्र आमचे अद्याप एकमत झालेले नाही.