रेड्यानंतर खर्जाला भूमिकाच नाही

बेल्ह्याहून कल्याणच्या रस्त्याला लागलं की आळे येतं. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. रेडा काही तारसप्तकात वेद म्हणाला नसेल. म्हणजे आमच्या जुन्नर तालुक्याशी नातं सांगणाऱ्या खर्जातल्या आवाजाला नायकाची भूमिका मिळाली ती तेवढीच. नंतरच्या सातशे वर्षांत आमच्या वाट्याला कोतवाल आला, सावकार आला, मुलीचा बाप आला आणि आकाशवाणी आली. तीही पडद्यामागून.

असाच आवाज घेऊन मी जन्मलो. पाश्चात्त्य संगीतवाले त्याला बॅरिटोन म्हणतात. पेटीवर सांगायचं तर पांढरी एकमध्ये मी गातो आणि पांढरी चारमध्ये ओरडतो. यात्रेतल्या हौशी नाटकापासून पुण्यातल्या गिटार-ड्रमवाल्या संगीत नाटकांपर्यंत कुठेही जा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘वरचा पंचम लागतो का?’ नाही म्हटलं की दुसरं वाक्यही ठरलेलं: ‘तुमचा आवाज भारदस्त आहे हो, खलनायक करा.’ बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा दात बघतो, खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो. आमचे दिग्दर्शक नुसती शिंगांची उंची मोजतात आणि व्यवहार उरकतात.

हा रोग एकट्या मराठी रंगभूमीचा नाही, हे मान्य. रॉक म्युझिकल या प्रकाराचं बाळकडूच ते आहे. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ची तबकडी 1970मध्ये आली. तिच्यात येशू गायला डीप पर्पलचा इयन गिलन. त्याच्या किंकाळ्यांवर पुढची पन्नास वर्षं जगभरच्या पोरांनी गळे फाडून घेतले. यहुदाही तसाच उंच. खालच्या सुरात कोण गातं? धर्मगुरू कायफस आणि रोमन सुभेदार पिलात. पिलाताच्या वाट्याला एक सुंदर स्वप्नगीत आलंय, पण ते जेमतेम दीड मिनिटाचं. पुढे त्याचं काम खटला चालवणं आणि फटके मारायला सांगणं. म्हणजे उंच गाणारा एकतर देव, नाहीतर देवाशी भांडणारा. आणि खाली गाणारा देवस्थानचा ट्रस्टी किंवा कलेक्टर. आत्मा म्हणून काही असतो तो फक्त उंच गळ्यांना.

अलेक पदमसींनी सत्तरच्या दशकात हे नाटक मुंबईत केलं तेव्हा आपले नंदू भेंडे त्यात यहुदा होते. मग 1978मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आणलं. मूळ ब्रेख्तचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं आणि प्रमुख भूमिकेत पुन्हा भेंडे. लावणी, नाट्यपद आणि रॉक एकाच रंगमंचावर नांदू शकतात, हे त्या नाटकाने दाखवून दिलं. एवढं मोठं दार उघडल्यावर नंतरच्यांनी आत यावं की नाही? आले, पण दारातूनच पट्टी चढवत आले. गिटार आली, ड्रम आले, धूर आला. गळा मात्र तोच, टाळीसाठी टाचांवर उभा राहिलेला.

उंच सुराचं हे वेड तमाशात कुठून आलं ते मला कळतं आणि तिथे मी तक्रार करणार नाही. उघड्या मैदानात हजारोंचा जमाव, शेजारी हलगी, ढोलकी आणि झांज, कर्णा नाही की ध्वनिक्षेपक नाही. माणसाचा कान सर्वांत तल्लख असतो तो दोन ते चार हजार हर्ट्झच्या टापूत. तारस्वरातला टोकदार आवाज तिथे थेट घुसतो आणि खर्ज ढोलकीखाली गाडला जातो. त्यात लावणी गाणारी काळी चार-पाचात गाणार, ढोलकी त्याच सुराला चढवलेली आणि सवाल-जवाबासाठी ती कुणी उतरवत बसणार नाही. मग शाहिराने आणि झीलकऱ्यांनीही त्याच पट्टीत चढायचं. विठाबाई नारायणगावकरांच्या काळात ती पोटाची गरज होती. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही तर पुढच्या वर्षी त्या गावची सुपारी नाही.

पण आता? आता प्रत्येकाच्या गालाला माइक चिकटवलेला आहे. कुजबुज केली तरी ती पार्किंगपर्यंत जाते. गरज संपली, खोड उरली, आणि खोडीला आपण परंपरा म्हणतो. त्यातला विनोद पाहायचा असेल तर आमच्याकडच्या कुठल्याही मिरवणुकीत या. डीजेच्या भिंतींतून असा खर्ज येतो की घरांच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं आणि पोरं बेभान नाचतात. त्यासाठी गाव वर्गणी काढतं. तोच खर्ज माणसाच्या गळ्यातून आला की म्हणे प्रेक्षकांना भावत नाही! खोक्यातून आला तर आनंद, गळ्यातून आला तर सावकार.

‘खालचा आवाज प्रेमाला शोभत नाही’ असं एका संगीतकाराने मला तोंडावर सांगितलं. त्याच्या घरी रेडिओ नसावा. हृदयनाथ मंगेशकरांना कोळीगीतात लताबाईंसमोर दर्याचा राजा उभा करायचा होता तेव्हा त्यांनी हेमंतकुमारांना बोलावलं. तो भरदार, खोल आवाज महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. परदेशात 1973मध्ये लंडनला ‘रॉकी हॉरर शो’ आला. त्यात ज्याच्यावर सगळे भाळतात तो टिम करीचा फ्रँक एन फर्टर बॅरिटोनच. 1996च्या ‘रेंट’मध्ये प्रियकर गमावलेला टॉम कॉलिन्स खालच्या सुरात गातो आणि त्याच्या विलापापुढे नायकाची गिटार पोरकट वाटते. म्हणजे भूमिका लिहिता येतात. लिहिणाऱ्याला कान हवा.

‘तसे गायक मिळत नाहीत’ ही सबब तर शुद्ध लबाडी. पुरुषांत सर्वाधिक आढळतो तो हाच मधला-खालचा आवाज. बहुसंख्यांना अपवाद ठरवायचं आणि दुर्मिळ गळ्याला नियम करायचं, याला संगीत दिग्दर्शन म्हणत असतील तर म्हणोत. आमची जातही काही कमी दोषी नाही. नायक व्हायच्या हौसेने ही पोरं युट्यूब बघून उंच गायला लागतात, दोन-तीन वर्षांत स्वरतंतूंवर गाठी आणतात आणि मग घसा धरून डॉक्टरच्या दारात बसतात. अरे, मान ताणून तारसप्तकात जिराफासारखे कशाला उभे राहता? पेटीवाल्याला सांगा, पट्टी दोन घरं खाली घे. तो कुरकुर करेल. करू दे.

आणि लेखकांनो, विषय शोधायला लंडन-न्यूयॉर्क कशाला? पाडव्याच्या सुमारास नारायणगावला या. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला येतात. त्यातल्या एका राहुटीत फडमालक बसलेला असतो. व्याजाने पैसे काढून त्याने कलावंतांना उचल दिलेली, ट्रकचं भाडं थकलेलं, आणि समोरचे कारभारी पाच हजारांसाठी घासाघीस करतायत. फडातली जी बाई वीस वर्षं त्याच्याबरोबर उभी राहिली, तिला तो आजवर एक शब्द नीट बोललेला नाही. पन्नाशीचा हा माणूस कारभाऱ्यांना हसून पान देतो, सावकाराला फोनवर तारीख देतो आणि मग राहुटीचा पडदा पडल्यावर गातो. तो कोणत्या पट्टीत गाईल? किंचाळेल? ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना किंचाळायला लावून पोट भरलं, तो एकटा असताना खालीच गाणार. खाली बास गिटार ठेवा, ढोलकी उतरवा, हलगी दुसऱ्या कडव्याला आणा. एवढी रॉकची सामग्री दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे ते दाखवा.

एकच विनंती. ही भूमिका लिहून झाल्यावर ती पंचविशीतल्या उंच गळ्याच्या देखण्या पोराला देऊन पट्टी चढवू नका. त्याची फारच हौस असेल तर त्याला वगातला प्रधान करा. दोन वाक्यं असतात आणि मिशी फुकट मिळते.